मलार्ड ५-१०: घरगुती पुश-पुल ॲम्प्लिफायरसाठी निवडलेले सर्किट

पाच व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) आणि दहा वॅट, एवढेच सांगणारे नाव असलेले मलार्ड या ब्रिटिश व्हॉल्व्ह-कंपनीचे हे १९५०च्या दशकातील सर्किट घरी बांधणाऱ्याला आजही ब्रिटिश अभियंता विल्यमसनच्या १९४७ सालच्या ॲम्प्लिफायर-आराखड्यापेक्षा अधिक सोयीचे आहे, असे माझे मत आहे. पहिला व्हॉल्व्ह ईएफ८६, त्याचा ॲनोड (आउटपुटचे टोक) ईसीसी८३ च्या फेज स्प्लिटरला, म्हणजे सिग्नलच्या दोन उलट प्रती करणाऱ्या टप्प्याला, थेट जोडलेला असून पुढे आलटून-पालटून (पुश-पुल) काम करणाऱ्या दोन ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हपर्यंत कपलिंग कपॅसिटरचा (डीसी अडवून सिग्नल पुढे देणाऱ्या कपॅसिटरचा) एकच टप्पा येतो. विल्यमसनमध्ये असे दोन टप्पे असल्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जरा जरी हलका पडला, तरी फीडबॅक (आउटपुटचा काही भाग उलटा इनपुटकडे देणे) जोडताच मंद कंप्रतेवर डोलणे सुरू होण्याचा धोका वाढतो. अर्थात, फीडबॅक इथेही भरपूर असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर काटकसर करू नये. प्रायमरी गुंडाळीत ४३ टक्क्यांवर टॅप (मधून काढलेले टोक) असलेला मिळाल्यास ईएल८४ चे स्क्रीन ग्रिड (व्हॉल्व्हमधील दुसरी जाळी) तिथेच जोडावेत, कारण विरूपण कमी होते आणि शक्तीही फारशी घटत नाही. सिग्नलमध्ये गुणगुण शिरू नये म्हणून ईएफ८६ चा सॉकेट मात्र पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवावा आणि त्याच्या हीटरच्या तारा घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्याव्यात. कमी कार्यक्षमतेच्या स्पीकरना दहा वॅट अपुरे पडतील. त्यांच्यासाठी ईएल३४ हे व्हॉल्व्ह वापरणारे मलार्डचेच वीस वॅटचे ५-२० पाहावे.