आठवड्यातून एकदाच पण संथ, की दोनदा नेहमीसारखं?

'वेळच मिळत नाही' म्हणणाऱ्याला हल्ली जिममध्ये कुणीतरी हमखास सांगतं, 'आठवड्यातून एकदा ये, वीस मिनिटांत मोकळा.' ऐकायला थाप वाटते, पण तशी ती नाही. वजनं अगदी संथ उचलायच्या पद्धतीचा हा दावा आहे. १९७० मध्ये अमेरिकेत आर्थर जोन्स यांची नॉटिलस ही वजनाच्या व्यायामाची यंत्रं आली. वजन एकदा वर नेऊन खाली आणलं की एक रेप, आणि न थांबता केलेल्या अशा रेपचा एक सेट. कमी सेट मारा, पण प्रत्येक सेट पुढची रेप निघेनाशी होईपर्यंत, हा जोन्स यांचा हेका. १९८२ च्या सुमारास केन हचिन्स यांनी फ्लोरिडात, हाडं ठिसूळ झालेल्या बायकांकडून व्यायाम करून घेताना, झटका बसू नये म्हणून वेग अगदी कमी केला. वजन वर न्यायला दहा सेकंद, खाली आणायला पाच ते दहा. त्यालाच सुपर स्लो म्हणतात.

आधी वेळेचं गणित करू. वीस सेकंदांची एक रेप, अशा सहा, म्हणजे दोन मिनिटं. लेग प्रेस, चेस्ट प्रेस, रोइंग, पुलडाउन, शोल्डर प्रेस अशी पाच यंत्रं धरली, तर निव्वळ व्यायाम दहा मिनिटांचा. नेहमीच्या पद्धतीत सहा व्यायाम, तीन-तीन सेट आणि मधली विश्रांती धरून पाऊण तास जातो, तोही आठवड्यातून दोनदा. इथे संथ पद्धत सरळ जिंकते.

पण ती दहा मिनिटं सोपी नाहीत. चौथ्या रेपपासून मांड्या जळायला लागतात आणि नकळत श्वास रोखला जातो. रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. श्वास रोखून जोर लावला की दाब एकदम चढतो, आणि दमेपर्यंत ओढायचं म्हटलं की तो मोह आवरत नाही. दुसरी अडचण आपल्या गल्लीतल्या जिमची. केबल गंजलेली, सळईला तेल नाही. भरभर ओढताना हे कळत नाही. दहा सेकंद मोजत ओढलं की यंत्र मधेच अडकतं. शिवाय संध्याकाळी सातला तुमची तिसरी रेप चालू असताना मागून आवाज येतोच, 'दादा, किती सेट राहिले?'

ताकद कशाने जास्त वाढते? २००१ मध्ये दोन अभ्यास आले आणि दोघांचे निष्कर्ष उलटे निघाले. एकात संथ गट पुढे होता. दुसऱ्यात, बैठं काम करणाऱ्या बायकांवर दहा आठवडे केलेल्या प्रयोगात, नेहमीच्या वेगाचा गट पुढे गेला. नंतर २०१५ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले. एक रेप अर्ध्या सेकंदात करा की आठ सेकंदांत, स्नायूंची वाढ जवळपास सारखीच होते. दहाच्या पलीकडे गेलं की फायदा घटतो, असं त्यात दिसलं. कारण सरळ आहे, इतक्या संथ वेगात वजन बरंच कमी करावं लागतं.

आता किती वेळा. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला आठवड्यातून किमान दोन दिवस असा आहे. चालणं-पळणं त्यात धरलेलं नाही, ते वेगळं. संथवाले म्हणतात, इतका ताण दिल्यावर सावरायला सात दिवस लागतात. नवशिक्याच्या बाबतीत मला हे पटत नाही. त्याचे स्नायू बहुधा दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येतात. आणि एकदाच जाणाऱ्याला एक व्यावहारिक धोका आहे: गणपतीत एक आठवडा चुकला की थेट चौदा दिवसांचा खाडा.

म्हणून चाळिशीतल्या, यापूर्वी कधी वजन न उचललेल्या माणसाला मी दोन दिवस नेहमीची पद्धत सांगेन. वर दोन सेकंद, खाली तीन-चार, झटका नाही. संथवाल्यांकडून एवढंच उचलायचं. गुडघे कुरकुरत असतील, चांगली यंत्रं असतील आणि शेजारी उभा राहून मोजणारा ट्रेनर मिळत असेल, तर संथ पद्धत जरूर करा, पण तीही जमलं तर दोनदा. ज्याला आठवड्यात खरोखर एकच मोकळी सकाळ मिळते, त्याने मात्र खुशाल एकदाच जावं. वजन आणि रेप वहीत मांडत जा, आठ आठवड्यांनी आकडे वर सरकले नाहीत तर दुसरा दिवस शोधा.