साडेतीनशेचा नकाशा: जिल्ह्यातले दहा आमदार एका भिंतीवर

मी मेडिकल लाईनला आहे, औषधांच्या ऑर्डरी घेत आठवडाभर कोल्हापूर जिल्हा पालथा घालतो, सोमवारी जयसिंगपूर, मंगळवारी गडहिंग्लज, बुधवारी गारगोटी असं चाललेलं असतं, त्यामुळं मला वाटायचं जिल्हा आपल्याला तोंडपाठ आहे. कसलं काय. २०२४ च्या विधानसभेच्या आधी दिवाळीला सगळे घरी जमलेलो, फराळ चाललेला, आणि उत्तूरची आत्या म्हणाली आमच्याकडं कागलची लढत लई जोरात हाय. मी म्हटलं आत्या, उत्तूर आजरा तालुक्यात, आणि आजरा राधानगरी मतदारसंघात, तुला कागलचं काय पडलंय? आत्या नुसती हसली. मेहुणा गडहिंग्लजचा, तो लगेच म्हणाला दाजी लावा पैज. लावली हजाराची आणि घालवली. आजरा गाव राधानगरीत, पण त्याच तालुक्यातलं उत्तूर कागल मतदारसंघात. वर मेहुण्यानं विचारलं मग आमचं गडहिंग्लज कुठं? मी म्हटलं गडहिंग्लज गडहिंग्लजमध्येच की, आणि कुठं! तर पोरं सुद्धा हसायला लागली. गडहिंग्लज नावाचा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून नाहीच, तालुक्याचे तुकडे चंदगड आणि कागलमध्ये गेलेत. मी दर मंगळवारी तिथं जातो आणि मला माहीत नाही!

तेव्हापासून डोक्यात होतं एक नकाशा घ्यायचा. शेवटी बिंदू चौकाजवळच्या एका गल्लीत जुनं स्टेशनरीचं दुकान आहे तिथं मिळाला, "कोल्हापूर जिल्हा विधानसभा मतदारसंघ", तीन बाय चार फूट, लॅमिनेटेड, वरखाली पट्टी, ३५० रुपये. काकांनी कालच्या पेपरात गुंडाळून रबर लावून दिला. घासाघीस करून बघितली, दहा रुपये पण सोडले नाहीत. आता गोडाऊनमध्ये कॅलेंडरशेजारी टांगलाय, वापरून बरेच दिवस झालेत म्हणून लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. छापणाऱ्यानं तालुक्याची हद्द तुटक रेषेनं आणि मतदारसंघाची जाड काळ्या रेषेनं दाखवलीय, दोन्ही एकाच नकाशावर. एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल. कारण आपल्या डोक्यात तालुका म्हणजेच मतदारसंघ असं बसलेलं असतं आणि इथं बघितलं की कळतं दोन्ही रेषा किती ठिकाणी फारकत घेतात. तालुके बारा, मतदारसंघ दहा, मग फारकत होणारच म्हणा. पन्हाळा तालुका बघा, गड आणि वारणेकडचा भाग शाहूवाडी मतदारसंघात, आणि त्याच तालुक्यातलं कळे मात्र करवीरमध्ये. करवीर मतदारसंघ तर कोल्हापूरच्या वेशीपासून सुरू होतो तो गगनबावड्याच्या घाटापर्यंत लांबलाय, गगनबावडा तालुका अख्खा त्यात. मी त्या रस्त्यानं पावसाळ्यात गेलोय, एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला गाडीच्या काचा पुसता पुसता हात दुखतो, आणि आमदार एकच. उलट आमच्या शहराच्या आसपास करवीर तालुका एक, तहसीलदार एक, आणि आमदार वेगवेगळे: गावठाण पेठा आणि कसबा बावडा कोल्हापूर उत्तरमध्ये, शहराचा बाकी भाग आणि उचगाव, गांधीनगर अशी गावं कोल्हापूर दक्षिणमध्ये, पश्चिमेकडची खेडी करवीरमध्ये. भारी गंमत आहे.

ह्या रेषा कुठनं आल्या ते नकाशाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय आणि खरं सांगू का, मागची बाजू पुढच्यापेक्षा चांगली आहे (दुकानातले काका म्हणाले मागं कोण वाचतंय साहेब, भिंतीलाच तर लागणार). २००२ च्या कायद्यानं आयोग नेमला, अध्यक्ष न्यायमूर्ती कुलदीप सिंह, आणि २००१ ची जनगणना धरून सगळ्या रेषा नव्यानं मारल्या, २००८ ला लागू, आपल्याकडं २००९ ची विधानसभा त्याच्यावर पहिल्यांदा झाली. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाबरोबर सहसदस्य म्हणून बसतात पण त्यांना मत नाही आणि अंतिम आदेशावर सहीचा अधिकार पण नाही. आणि एकदा आदेश निघाला की कलम ३२९ मध्ये लिहिलंय, कोर्टात त्याला आव्हान नाही. मेहुण्याला हे वाचून दाखवलं तर तो म्हणतो म्हणजे गडहिंग्लजचं नाव घालवलं ते घालवलंच, दाद कुणाकडं मागायची.

मग आमचे मतदारसंघ आधी बारा होते त्याचे दहा का झाले हा हिशोब मी स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन केला, कारण नकाशावर नुसता आकडा दिलाय, कारण दिलं नाही, हा एक तोटा. राज्यात जागा २८८, त्या बदलत नाहीत, १९७६ च्या घटनादुरुस्तीपासून गोठवून ठेवल्यात. १९७१ ला राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख, म्हणजे एका आमदारामागं पावणेदोन लाख माणसं. जिल्हा साडेवीस लाखाच्या आसपास, भागाकार बाराच्या जवळ येतो. २००१ ला राज्य ९ कोटी ६८ लाखांवर गेलं, एका आमदारामागं ३ लाख ३६ हजार, आणि आपला जिल्हा ३५ लाख २३ हजार. भागून बघा, साडेदहाच्या पण आत, म्हणून दहा. आपण कमी झालो नव्हतो हो, मुंबई पुण्याकडचे लोक आपल्यापेक्षा भराभर वाढले. ठाणे जिल्ह्याच्या त्याच वेळी १३ च्या २४ जागा झाल्या. त्यातले निम्मे लोक आमच्या खालच्या आळीतनंच गेले असतील असं मला कधी कधी वाटतं.

आता दोन जागा कमी म्हणजे नुसती दोन नावं खोडली असं नाही. जुने सांगरूळ, पन्हाळा, गडहिंग्लज, वडगाव आणि कोल्हापूर अशी पाच नावं गेली आणि कोल्हापूर उत्तर, कोल्हापूर दक्षिण, हातकणंगले अशी तीन आली. पण ह्या नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात जी रंगांची यादी आहे ना, त्यात सांगरूळ अजून आहे! नकाशावर त्या रंगाचा तुकडाच कुठं नाही, यादीत मात्र जांभळ्या चौकोनापुढं सांगरूळ. जुन्या छापाची फाईल उघडून त्यातच नवीन भरलं असणार, दुसरं काय.

चुका अजून आहेत, सांगतो. सगळ्यात मोठी म्हणजे हातकणंगले राखीव आहे हे कुठंच लिहिलेलं नाही. राज्यात अनुसूचित जातींसाठी २९ जागा राखीव, आपल्या जिल्ह्यातली ही एकच, आधी वडगाव होती. नियम असा की त्यांची लोकसंख्या जिथं तुलनेनं जास्त तिथं जागा द्यायची, पण सगळ्या एकाच पट्ट्यात नकोत, राज्यभर पसराव्यात. आमच्या गोडाऊनचा पोऱ्या हुपरीचा, म्हणजे हातकणंगले तालुक्यातलाच, पहिल्यांदाच मतदार झालाय, त्यानं विचारलं दादा राखीव म्हणजे बाकीच्यांनी तिथं मत द्यायचं नसतं का? त्याला उभं करून समजावून सांगितलं की मत सगळ्यांनी द्यायचं, फक्त उमेदवार त्या प्रवर्गातला पाहिजे. तो म्हणाला मग नकाशावर लिहायला काय झालं होतं. बरोबर आहे त्याचं. नावापुढं कंसात दोन अक्षरं टाकायची होती.

दुसरी चूक लोकसभेची. राज्यात ४८ खासदार, प्रत्येकाखाली सहा विधानसभा, सहा अठ्ठे अठ्ठेचाळीस न्हवं, सहा गुणिले ४८ म्हणजे २८८, हिशोब चोख. कोल्हापूर लोकसभेत आपले सहा बसतात: चंदगड, राधानगरी, कागल, दक्षिण, करवीर, उत्तर. उरले चार, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ, आणि सहा भरायला सांगली जिल्ह्यातनं इस्लामपूर आणि शिराळा घेऊन हातकणंगले लोकसभा केलीय. ह्या नकाशात लोकसभेची लाल रेषा जिल्ह्याच्या हद्दीवर येते आणि वारणेच्या काठावर गपकन संपते, जणू पलीकडं समुद्र आहे. एक बाण काढून "पुढे इस्लामपूर, शिराळा" एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तिसरी गोष्ट शहराचा मोठा करून दाखवलेला चौकोन. नावाला मोठा. उत्तर फिकट पिवळा, दक्षिण जरा गडद पिवळा, ट्यूबलाईटखाली दोन्ही सारखेच दिसतात, प्रभागांचे आकडे मुंगीएवढे. मी शेजारच्या घड्याळवाल्याकडनं भिंग आणलं तेव्हा आमची गल्ली सापडली. आपलं बूथ, यादी भाग क्रमांक असलं काही शोधायला हा नकाशा घेऊ नका, त्यासाठी मतदार कार्डाचा नंबर टाकून निवडणूक आयोगाच्या साईटवर बघायचं, फुकट आहे.

मागच्या बाजूला २००९ पासूनच्या आमदारांचा तक्ता आहे, कामाचा आहे, पण पोटनिवडणुका गाळल्यात. चंदगडला बाबासाहेब कुपेकर गेल्यावर २०१३ ला संध्यादेवी कुपेकर निवडून आल्या, आणि उत्तरला चंद्रकांत जाधवांच्या निधनानंतर एप्रिल २०२२ ला जयश्री जाधव. दोन्ही वेळा बायका आमदार झाल्या आणि दोन्ही नेमक्या तक्त्यातनं गायब, हे मला खटकलं. जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत निवडणूक घ्यायची असते, मुदत वर्षापेक्षा कमी उरली असली तर नाही घेतली तरी चालते. करवीरला मे २०२४ मध्ये पी. एन. पाटील गेले तेव्हा म्हणूनच पोटनिवडणूक झाली नाही, सहा महिन्यांवर मुख्य निवडणूकच होती. आणि त्या निवडणुकीत करवीरचा निकाल दोन हजारांच्या आतल्या फरकानं लागला. तीन तालुक्यांत पसरलेला एवढा लांबडा मतदारसंघ आणि फरक एका मोठ्या गावाएवढा. ज्याला एक मत जास्त तो आमदार, निम्म्याच्या वर मतं पाहिजेत अशी अट नाही, हे सगळ्यांना माहीत असतं पण असे आकडे बघितले की पोटात गोळा येतो.

मतदानाच्या मशीनचं चित्र पण आहे खाली, मत कुणाला गेलं ती चिठ्ठी सात सेकंद दिसते, उमेदवाराचं डिपॉझिट दहा हजार, एक षष्ठांश मतं नाही मिळाली तर जप्त, वगैरे. शाळेच्या पोरांना बरं आहे.

चुकांचं सांगायला दुकानात परत गेलो होतो. काका म्हणाले आम्ही छापत नाही, विकतो, आणि बदलून काय देणार, सगळे तसेच आहेत. मग स्वतःहून एक स्केचपेन दिला फुकट, म्हणाले तुमच्या हातानं करा दुरुस्त. घेतला. हातकणंगलेपुढं कंसात "अजा" म्हणजे अनुसूचित जाती असं लिहिलं, सांगरूळवर काट मारली, वारणेपलीकडं बाण काढला.

आता मुख्य प्रश्न, घ्यावा का थांबावं? कारण जागा आणि रेषा गोठवल्यात त्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच, आणि जनगणना २०२७ ची जाहीर झालीय. ती झाली, आकडे आले, मग नवा आयोग, मग हरकती, सुनावण्या, मागच्या वेळी कायदा २००२ चा आणि रेषा लागू २००८ ला, तेव्हा तुम्हीच हिशोब करा. माझ्या मते लॅमिनेशन आधी सुटेल, रेषा नंतर बदलतील. माझ्या नकाशाचा उजवा कोपरा, शिरोळच्या बाजूचा, आत्ताच उचललाय, सेलोटेप लावलीय. पाचपैकी साडेतीन देतो, अर्धा त्यातला स्केचपेनचा.

आत्या परवा आली होती, तिला गोडाऊनला नेऊन दाखवला. तिनं चष्मा वर करून उत्तूर शोधलं, बोट ठेवलं, आणि म्हणाली हजार रुपये दिलेस का रे त्याला अजून? दिले नव्हते.