ड्रायव्हर तपासताना वेळ कुठे घालायचा: चेकपॅच, स्मॅच की कासान?

सोलापुरात यंत्रमागाच्या फेऱ्या मोजणारी कार्डं बनवणारी छोटी टीम असेल, तर तोच माणूस कार्ड सोल्डर करतो, तोच लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, लिहितो आणि कारखान्यातून फोन आला की अक्कलकोट रोड एमआयडीसीतही तोच पळतो. अशा टीमला सगळ्या तपासण्या सारख्याच मन लावून करणं जमत नाही. माझं मत असं: कोडच्या मांडणीची शैली स्क्रिप्टवर सोपवा, माणसाचा वेळ ड्रायव्हर लिनक्समधून काढतानाच्या आणि एरर आल्यावरच्या कोडला द्या.

चेकपॅच ही कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच, येणारी पर्ल स्क्रिप्ट. आठ रुंदीचा टॅब, कंसांच्या जागा, ओळीची लांबी हे ती काही सेकंदांत बघते. ओळ शक्यतो 80 अक्षरांत बसवावी असा संकेत आजही आहे, पण 2020 पासून स्क्रिप्ट 100 च्या पुढे गेल्यावरच टोकते. पॅच, म्हणजे आपला कोडबदल, मुख्य कर्नलला पाठवायचा असेल तर ही पायरी चुकवूच नका. मात्र तिला मजकूर दिसतो, त्यामागचं वागणं दिसत नाही. जुनी चालती फाइल केवळ तिच्या समाधानासाठी पूर्ण बदलू नका. कोणती ओळ कधी आणि का आली हा इतिहास त्यात झाकला जातो.

स्पार्स आणि स्मॅच ही साधनं कोड न चालवताच वाचतात, त्यामुळे कार्ड हाताशी नसलं तरी चालतं. युजरकडून आलेला पॉइंटर (मेमरीचा पत्ता) थेट वापरला किंवा लिटल एंडियन (कमी किमतीचा बाइट आधी ठेवलेला) आकडा साध्या आकड्यासारखा हाताळला तर स्पार्स पकडतं, पण त्यासाठी टाइपवर तशा खुणा केलेल्या हव्यात. एररच्या वाटेवर लॉक (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणारं कुलूप) सोडायचा राहिला तर स्मॅच सांगतं. ही वाट टेस्टिंगमध्ये सहसा चालतच नाही, म्हणून मला स्मॅच फार मोलाचं वाटतं.

आता खरी दुखरी जागा. समजा, प्रोबमध्ये (ड्रायव्हर कार्डाला जोडताना चालणारा भाग) इंटरप्ट, म्हणजे कार्डाकडून येणारी हाक, डेव्हएम पद्धतीने (घेतलेलं कर्नल आपोआप सोडतो ती) घेतला आणि बफर (डेटा ठेवायची मेमरी) साध्या केमॅलॉकने. रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना चालणारा भाग) बफर केफ्री केला, म्हणजे मोकळा केला. डेव्हएमचा इंटरप्ट सुटतो रिमूव्ह संपल्यानंतर. मधल्या क्षणात मागाकडून एक पल्स आली की हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारं फंक्शन) मोकळ्या केलेल्या मेमरीत लिहितो. चेकपॅचला यात काहीच खटकत नाही. मेमरीचा चुकीचा वापर कोड चालताना शोधणारं कासान हे पकडतं, पण इंटरप्ट नेमका त्याच फटीत आला तर. म्हणून सोबत कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू हा कर्नलचा पर्याय चालू ठेवा: शेअर्ड (अनेक उपकरणांनी वाटून घेतलेला) इंटरप्ट सोडताना कर्नल स्वतःहून हँडलरला एकदा हाक मारतो आणि चूक टेबलावरच उघडी पडते. दुरुस्तीही सोपी आहे: बफरही डेव्हएमनेच आणि इंटरप्टच्या आधी घ्या, म्हणजे सुटताना क्रम आपोआप उलटा होतो.

कासानची किंमतही मोजा. त्याचा जेनेरिक प्रकार मेमरीचा आठवा हिस्सा हिशेबासाठी घेतो आणि वेग पाडतो. म्हणून कासान असलेला कर्नल टेस्टच्या मशीनवरच ठेवा, कारखान्यात देऊ नका. लॉकवर नजर ठेवणाऱ्या लॉकडेपचंही तेच, पण ते प्रत्यक्ष अडकण्याची वाट न बघता लॉकच्या क्रमावरूनच धोका सांगतं.

एकच संध्याकाळ हाताशी असेल तर चेकपॅच आणि स्मॅच बिल्डला जोडून मोकळे व्हा. दोन दिवस मिळाले तर कासान आणि लॉकडेपचा कर्नल बांधा आणि पल्स चालू ठेवूनच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा काढा-घाला.