झेडब्रश: ‘टी’ दाबायला विसरलात की मूर्तीचं चित्र होतं

झेडब्रश या संगणकावर मूर्ती कोरायच्या सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी भरायची वेळ आलीय, म्हणून हिशोब मांडतोय. ब्रश, डायनामेश (कोरताना ताणलेली जाळी पुन्हा सारखी करणारी सोय) वगैरेचं कौतुक सगळ्यांनी करून झालंय आणि ते खरंच आहे. मला बोलायचंय ते कॅनव्हासबद्दल, म्हणजे ज्या पडद्यावर मॉडेल ओढतो त्याबद्दल.

1999 मध्ये हे सॉफ्टवेअर लोकांसमोर आलं ते मुळात चित्र रंगवण्यासाठी, आणि ती खोड अजून गेलेली नाही. मॉडेल कॅनव्हासवर ओढलं आणि एडिट, म्हणजे ‘टी’, दाबलं नाही, की पुढचा स्ट्रोक पडताच पहिलं मॉडेल जागीच चिकटतं. फिरत नाही, कोरता येत नाही. नवखा माणूस पाच मिनिटांत दहा गणपती उमटवून बसतो. कंट्रोल-एन दाबा, पुसा, पुन्हा ओढा. आजच्या काळात हा जाच कशाला, असंच मला कितीतरी महिने वाटायचं.

मग एका मुकुटाची नक्षी करायला घेतली आणि मत फिरलं. चिकटतं ते साधं चित्र नसतं. त्यातला प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सोल, रंगाबरोबर खोली, मटेरियल आणि पृष्ठभागाची दिशाही धरून ठेवतो. दिवा हलवला की चिकटलेल्या पाकळीची छटाही बदलते (मॅटकॅप, म्हणजे उजेड आधीच भरलेलं मटेरियल, लावलं असेल तर नाही). मी एकच पाकळी कोरली आणि लहानमोठी करत, वळवत टाकत गेलो, मधे मोती. वर कोण, खाली कोण हे खोलीवरून आपोआप ठरतं. शिवाय कितीही टाका, पॉलिगॉन, म्हणजे मॉडेलचे बारीक पृष्ठतुकडे, वाढत नाहीत, त्यामुळे माझ्या 8 जीबीच्या लॅपटॉपनं हूं की चूं केलं नाही. शेवटी एमआरजीबीझेड ग्रॅबर या कॅनव्हासचा तुकडा टिपणाऱ्या साधनानं चौकट ओढली की खोलीची 16 बिटांची आल्फा, म्हणजे उंचसखलपणा सांगणारं करड्या छटांचं चित्र, हातात. ड्रॅगरेक्ट या ओढून ठसा उमटवणाऱ्या स्ट्रोकनं ती मुकुटावर ओढली, उठाव स्वच्छ! 8 बिटांच्या, कमी छटांच्या चित्रावरून करायचो तेव्हा उतारावर पायऱ्या दिसायच्या. पाकळीखालची पोकळी मात्र अशी मिळत नाही, ती हातानंच कोरा.

आणि हो, प्रोजेक्ट सेव्ह केला म्हणून कॅनव्हास सेव्ह होत नाही. डॉक्युमेंट वेगळं सेव्ह करा.

पॉलिपेंटचं, म्हणजे थेट मॉडेलवर रंगवण्याचं, माझं जमलं नाही. रंग शिरोबिंदूंवर, म्हणजे पॉलिगॉनच्या कोपऱ्यांवर, बसतो, म्हणून पितांबराचा बारीक काठ रेखीव यायला लाखो पॉलिगॉन लागतात. तिथे मात्र लॅपटॉपचा पंखा बोंबलतो.

वार्षिक भरणार नाही. गणपतीआधी ऑर्डरी असतात तेवढ्यापुरतं मासिक घेईन. बाकी वर्षभर ब्लेंडर हे फुकटचं थ्रीडी सॉफ्टवेअर आहेच. तिथे पिक्सोल नाहीत, पण वर्गणीही नाही.