२४९ ग्रॅमचा कॅमेरा आणि एक एकराचा प्लॉट : डीजेआय मिनी ४ प्रो

सत्तर मीटर उंचीवरून कॅमेरा सरळ खाली रोखला की डीजेआय कंपनीच्या मिनी ४ प्रो या ड्रोनच्या एका फोटोत साधारण ९८ बाय ७३ मीटर जमीन मावते. चौरस एक एकराची बाजू ६४ मीटर. म्हणजे चाळीस गुंठ्यांचा तुकडा थोडा शेजार दाखवत एका फोटोत बसतो, आणि १२० मीटरवरून चौरस तीन एकरही बसतात. त्यापुढे फोटो जोडावे लागतात. मुळशी, तळेगाव, शिरवळ भागातल्या प्लॉटिंगच्या कामाला हे माप पुरतं. मालमत्तेचं चित्रण हा धंदा म्हणून करायचा, तर हे यंत्र कुठे पुरतं आणि कुठे अडतं, एवढंच इथे पाहायचं आहे.

प्लॉटच्या कामात कॅमेऱ्याआधी फक्की, म्हणजे रेघा आखायची पांढरी पूड, महत्त्वाची. वरून गवत, मुरूम आणि बांध एकाच रंगाचे दिसतात, हद्द दिसतच नाही. उडवण्याआधी चार-पाच इंच रुंद फक्कीची रेघ मारून घ्यावी. सत्तर मीटरवरून बारा मेगापिक्सेलच्या फोटोत एक पिक्सेल अडीच सेंटिमीटरच्या आसपास पडतो, त्यामुळे एवढी रेघ स्वच्छ उमटते. त्याहून बारीक मारली तर पुसट होते. कोपऱ्यावर झेंडे रोवणाऱ्यांची हौस व्यर्थ, कारण वरून झेंड्याचा फक्त ठिपका दिसतो. त्याऐवजी पांढऱ्या फ्लेक्सचे दोन बाय दोन फुटांचे तुकडे जमिनीवर अंथरून कोपऱ्यांना दगड ठेवावेत. आणि ग्राहकाला आधीच सांगून टाकावं की ही मोजणी नव्हे. या यंत्रात आरटीके, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा सांगणारी उपग्रह-यंत्रणा, नाही. फोटो जोडून केलेला नकाशा खऱ्या जागेपासून मीटर-दोन मीटर सहज सरकतो. हद्दीचा वाद असेल तर भूमि अभिलेख कार्यालयातच जायचं.

सेन्सर १/१.३ इंचाचा, प्रकाश आत घेणारं छिद्र एफ १.७ आणि तेही कायमचं उघडं. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर ठेवला की शटर १/५० सेकंद हवा. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर नुसत्या काचेतून तो सेकंदाच्या नऊ हजाराव्या भागापर्यंत जातो, आणि मग कॅमेरा वळला की झाडं, कठडे, जाळ्या थरथरत जातात. म्हणून एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी काळपट काच, ही चैन नाही. आकडा जितका मोठा तितकी काच गडद. दुपारी २५६, सकाळच्या तिरक्या उन्हात ६४, ढगाळ दिवशी १६. कंपनीचा संच याच तीन क्रमांकांचा आहे आणि तो पुरतो. शटर १/५० ठेवण्याचा दुसरा फायदा संध्याकाळी कळतो: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे सोसायटीतले दिवे व्हिडिओत लुकलुकत नाहीत.

फोटोसाठी फिल्टर काढून ठेवावा आणि पाच फ्रेमचं ब्रॅकेटिंग, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे लागोपाठ पाच फोटो, लावावं. पांढरा बंगला, मागे काळपट डोंगर आणि वर उजळ आकाश हे एका फोटोत सांभाळलं जात नाही. पाच फोटो जोडले की भिंतीचा पोतही राहतो आणि ढगही. बंगल्याला १५ ते २५ मीटर उंची बास. नवशिके ऐंशी मीटरवर जातात आणि घराची काडेपेटी करून आणतात. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटं, घरातले सगळे दिवे लावून, हा सर्वांत विकला जाणारा फोटो. पण त्या उजेडात अडथळे ओळखणारे सेन्सर मंदावतात, हे विसरायचं नाही.

उभ्या व्हिडिओसाठी कॅमेरा खरोखर नव्वद अंशांत फिरतो, आडवा व्हिडिओ कापावा लागत नाही. बिल्डरांना रील्स लागतात, त्यामुळे ही सोय रोज कामाला येते. बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक आणि कोडसाठी एक कोपरा आधीपासून मोकळा धरून फोटो काढला, तर डिझायनरला तो नेमका प्रवेशद्वारावर चिकटवावा लागत नाही.

टॉवरच्या कामात मागणी असते ती ‘चौदाव्या मजल्यावरून काय दिसेल’ याची. मजला तीन मीटरचा धरला तर तो मजला ४२ मीटरवर येतो, त्यात पार्किंगच्या पोडियमची उंची मिळवायची आणि माणसाच्या डोळ्याचे दीड मीटर. इथे हमखास चूक होते: पडद्यावरची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते. शेजारच्या गच्चीवरून उडवलं तर गच्चीची उंची वजा करायला हवी, नाहीतर ग्राहकाला विसाव्या मजल्याचा देखावा चौदाव्याच्या नावाने विकला जाईल. रेरा कायद्यात खोट्या जाहिरातीची जबाबदारी कलम १२ खाली आहे, हे बिल्डरला माहीत असतं. फोटो काढणाऱ्यालाही असावं.

स्लॅबवरून उडवणं हा दुसरा घोळ. खालच्या सळयांमुळे होकायंत्र चुकतं, ड्रोन वर जाऊन गोल गोल घसरू लागतो. प्लास्टिकचा क्रेट उलटा ठेवून त्यावरून उडवावं, किंवा सरळ मातीवर उतरावं. ड्रोन आपोआप परत येतो ती परतीची उंची इमारत आणि क्रेनच्या टोकाहून वीस मीटर जास्त ठेवावी. सेन्सर सर्व दिशांना आहेत, पण क्रेनची तार, केबलवाल्यांची वायर आणि काचेची भिंत त्यांना दिसत नाही. संक्रांतीच्या आठवड्यात मांजा तर दिसणारच नाही. त्या दिवसांत काम पुढे ढकललेलं बरं. घार मागे लागली तर आडवं पळू नये, सरळ वर जावं.

एका बॅटरीवर कागदोपत्री ३४ मिनिटं उडता येतं. प्रत्यक्षात वारा आणि सारखं थांबणं-वळणं धरून बावीस ते पंचवीस, आणि बॅटरी तीस टक्क्यांवर आली की परत फिरायचं. तीन बॅटऱ्या हव्यातच. मोठी ४५ मिनिटांची बॅटरी मिळते, पण ती लावली की वजन २५० ग्रॅमपुढे जातं आणि यंत्राचा वर्गच बदलतो. वाऱ्याची हद्द सेकंदाला १०.७ मीटर. खाली पान हलत नसताना सह्याद्रीच्या कड्याजवळ शंभर मीटरवर तेवढा वारा सहज असतो. तापमानाची हद्द ४० अंश. जळगाव-नागपूरकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत काम आवरावं. पावसाला हे यंत्र मुळीच नाही. हिरवागार देखावा हवा असेल तर सप्टेंबरच्या उघडिपीची वाट पाहायची.

एक उणीव खरीच जाणवते: लेन्स एकच, रुंद दृश्य टिपणारी २४ मिलिमीटरची. इमारत आणि मागचा तलाव जवळ आणून दाखवायचा असेल तर डीजेआयच्याच एअर ३ या ड्रोनची ७० मिलिमीटरची लेन्स फार बरी. पण त्या ड्रोनचं वजन ७२० ग्रॅम.

आणि वजनाची गोष्ट निघाली की कागदांवर यावंच लागतं. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंत नॅनो वर्ग. त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्यावर गेलं की मायक्रो, आणि धंद्यासाठी उडवायचं तर प्रमाणपत्र हवं: वय १८ ते ६५, दहावी पास, मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. ड्रोनच्या नोंदणी क्रमांकाची अट मात्र नॅनोलाही आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवी, म्हणजे आगाऊ परवानगीशिवाय उडवता येणारी, उंची ४०० नव्हे, २०० फूट. पुण्यात लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, मुंबईत पोलिसांचे बंदी आदेश वेळोवेळी निघतात. प्रत्येक कामाआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहायचा.

खरी अडचण याहून मोठी आहे. परदेशी ड्रोनच्या आयातीवर केंद्राने ९ फेब्रुवारी २०२२ ला बंदी घातली. मिनी ४ प्रो बाजारात आला सप्टेंबर २०२३ मध्ये. दुकानदार शोकेसमधून जो नग काढून देतो, तो कधी आणि कसा आला असेल, याचा हिशेब वाचकाने स्वतः करावा. त्याला भारतातली वॉरंटी नाही, कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल निकामी झाला तर सुटे भाग शोधत हिंडावं लागतं, आणि मोठा बिल्डर काम देण्याआधी ड्रोनचा नोंदणी क्रमांक व बिल मागतो तेव्हा दाखवायला काही नसतं.

म्हणून कॅमेऱ्याला पूर्ण मार्क देऊनही, महाराष्ट्रात धंद्याचं पहिलं यंत्र म्हणून याची शिफारस करता येत नाही. सुरुवातीला प्रमाणपत्रधारक पायलट आणि नोंदणी असलेलं यंत्र दिवसाच्या भाड्याने घ्यावं, फक्की, कोन आणि वेळ यांचं नियोजन आपल्याकडे ठेवावं, आणि साठवलेला पैसा आधी प्रमाणपत्रावर घालावा. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना भारताची ही आयातबंदी लागू नाही, पण तिथे धंद्यासाठी २४९ ग्रॅमलाही पार्ट १०७ हा ड्रोन-पायलटचा परवाना लागतो. वजनाची सवलत फक्त हौसेपुरती आहे.