बाबांचे कॉलरवाले टी-शर्ट, 14 महिन्यांनंतर

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. बाहेर पडायचं तर इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन आणि चष्मा, हा नेम त्यांनी निवृत्तीनंतरही मोडला नाही. 4 वर्षांपूर्वी कंपवाताचं निदान झालं आणि बोटं बटणांपाशी अडायला लागली. सात बटणांना वीस-वीस मिनिटं. मी लावून देते म्हटलं की तोंड फिरवायचे. गोल गळ्याचे टी-शर्ट आणले, तर म्हणाले, "बनियनवर सारसबागेत जाऊ का?" म्हणजे कॉलर हवी, खिसा हवा आणि बटणं कमी. शिवाय हात थरथरतो, आमटी सांडते, त्यामुळे अंगातला कपडा रोज धुवावाच लागतो. पोलो टी-शर्ट घ्यायचा, पण रोजच्या धुण्याला पुरून उरणारा.

एवढ्याशा गोष्टीला मला आठ महिने लागले. अशा शोधात अजून कुणी असेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी एका नावाजलेल्या कंपनीचे दोन टी-शर्ट ऑनलाइन मागवले, 1,299 रुपयांना एक. हाताला लोण्यासारखे मऊ. तिसऱ्या धुण्यात कॉलरची टोकं भाजलेल्या पापडासारखी वर वळली. महिन्याभरात बाजूची शिवण फिरून पोटावर आली. बाबा आरशासमोर उभे राहून ती शिवण ओढून जागेवर आणायला बघायचे. मला ते बघवायचं नाही. कंपनीला कळवलं, तर तुमची धुण्याची पद्धत चुकली असेल असं उत्तर आलं. मग बाजारातून 250 वाले आणले. ते पहिल्याच धुण्यात दीड इंच आटले.

वाट सापडली ती आमच्या सोसायटीच्या वॉचमनदादांमुळे. त्यांचा गणवेशाचा टी-शर्ट दोन वर्षांचा, खांद्यावर उन्हानं विटलेला, पण कॉलर ताठ. कुठून आला ते विचारत विचारत शुक्रवार पेठेत पोचले. स्कूटर जेमतेम जाईल असा बोळ, तळमजल्यावर तीन शिलाई मशिनं, एक ओव्हरलॉक (कापडाची कड दोऱ्यानं बांधणारं मशीन), आणि भिंतीला लागून शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे. दुकानाचं नाव लिहू का म्हणून तिथल्या काकांना विचारलं होतं. "नको ताई, जूनमध्ये शाळांचं काम असतं, सुट्टं गिऱ्हाईक आलं तर परत पाठवायला जिवावर येतं," म्हणाले. म्हणून नाव देत नाही. पण त्यांनी दाखवलेलं कुठल्याही दुकानात उपयोगी पडेल.

मी तो 1,299 वाला बरोबर नेला होता. काकांनी तो आधी उलटा केला. "कपडा आतून बघायचा," म्हणाले. मानेच्या शिवणीवर पट्टी नव्हती, नुसता ओव्हरलॉक. खांद्याच्या शिवणीतही आधाराला काही नाही, म्हणून खांदे लोंबले होते. बटणपट्टीत बकरम (आतलं ताठ अस्तर) नव्हतं, म्हणून ती चुरगळून एका बाजूला झुकली होती. बटणं दोन टाक्यांवर टेकलेली.

पोलोच्या जाळीदार, खडबडीत विणीच्या कापडाला या धंद्यात मॅटी म्हणतात. काकांचं कापड तिरुपूरहून येतं. एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. काकांनी माझ्यासाठी काढलेला तागा 240 चा होता. कंपनीचा टी-शर्ट त्यांनी चिमटीत धरून उजेडात बघितला आणि 180 च्या वर नसेल म्हणाले. मऊपणाचं कोडंही तिथेच सुटलं. बायो-वॉशमध्ये कापडावरची लव काढतात, त्यानं कापड गुळगुळीत होतं, पण तेच जास्त झालं तर कापडाचा कस जातो. दुकानात हाताला लागणाऱ्या मऊपणावर भाळायचं नाही, हे मी तिथे शिकले.

आणि शिवण का फिरते? हे कापड गोल यंत्रावर नळीसारखं विणून निघतं. सुताला पीळ असतो आणि पाण्यात गेलं की तो उलगडू पाहतो. कापड नीट बसवून न घेता घाईनं कापलं की पहिल्या काही धुण्यांतच सगळा टी-शर्ट तिरका होतो. दुकानात पारखायचं तर टी-शर्ट बाजूच्या शिवणींवर घडी घालून धरायचा. खालची शिवण आडवी सरळ पडली नाही, तर तिथेच ठेवून द्यायचा.

कॉलर वेगळ्या, सपाट यंत्रावर विणून येते. काकांनी दोन कॉलरी टेबलावर ठेवल्या, दोन्ही ताणून सोडल्या. एक क्षणात मूळ मापाला आली, दुसरी लाटेसारखी पसरून राहिली. पहिलीत सूत दुहेरी होतं. ही परीक्षा दुकानात उभ्या उभ्या कुणीही करू शकतो, अगदी मॉलमध्येसुद्धा.

वॉचमनदादांचा टी-शर्ट पीसीचा, म्हणजे पॉलिस्टर आणि सूत मिसळलेला. तो लवकर वाळतो आणि आकार धरतो, पण घाम टिपत नाही आणि घासून गोळे येतात. बाबांसाठी काकांनी निव्वळ सुतीच घ्यायला लावलं.

आता मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट. बाबांच्या बोटांचं सांगितल्यावर काका थोडा वेळ गप्प बसले आणि मग बटणपट्टी आठ इंच लांब करू म्हणाले. नेहमीच्या पट्टीतून डोकं घालताना खांदे वर उचलावे लागतात, बाबांना ते जमत नाही. पट्टीच्या आत प्लास्टिकची टिचबटणं, आणि वरून साधी चार बटणं नुसती शिवलेली. बघणाऱ्याला चार बटणांचा पोलोच दिसतो. बाबा तळहातानं छातीवर दाबतात, टिच, टिच, टिच, टिच, झालं. पहिल्या दिवशी त्यांनी ते तीन वेळा उघडून लावून बघितलं.

मागची बाजू दीड इंच लांब ठेवण्याची सूचनाही काकांचीच. बाबा टी-शर्ट पँटीत खोचतात आणि बाकावर वाकून बसले की पाठ उघडी पडायची, ती आता पडत नाही. ही मूळ टेनिसच्या कपड्यांतली सोय, मागे लांब म्हणजे पळताना बाहेर येत नाही. पूर्वी टेनिसपटू लांब बाह्यांचे, खळ घातलेले शर्ट घालून खेळायचे. रने लाकोस्त या फ्रेंच खेळाडूनं 1926 मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत अर्ध्या बाह्यांचा, मॅटी विणीचा असा शर्ट घातला आणि पुढे 1933 मध्ये त्याची कंपनीच काढली. बाबांना हे वाचून दाखवलं, तर म्हणाले, "1926? म्हणजे अप्पांच्या जन्माचं साल." तेव्हापासून आमच्याकडे याला अप्पांच्या वयाचा शर्ट म्हणतात.

सहा नग, प्रत्येकी 480 रुपये. सहाच्या खाली काका करत नाहीत. आम्हाला अकरा दिवस लागले. रोज एक बदलतो, म्हणजे 14 महिन्यांत एकेकाची साधारण 70 धुणी झाली. कॉलर अजून बसते. शिवण जागेवर आहे. लांबी पहिल्या दोन धुण्यांत अर्धा इंच कमी झाली, पण काकांनी तेवढी आधीच वाढवून दिली होती.

उणंही सांगते. एप्रिल-मेच्या दुपारी 240 चं कापड जड होतं, उन्हाळ्यासाठी 200-210 चं करून घ्यायला हवं होतं. गडद निळ्या रंगाचे दोन विटले आहेत, राखाडी आणि पांढरे छान आहेत. खिशात चष्मा ठेवला की कापड थोडं ओघळतं. दोन टिचबटणं पाचव्या महिन्यात सुटली, ती काकांनी पैसे न घेता बसवून दिली.

धुताना आम्ही उलटे करून गार पाण्यात टाकतो आणि दांडीवर आडवे घालतो, हँगरला ओले लावत नाही, पाण्याच्या वजनानं खांदे ओढले जातात. कॉलर ओली असतानाच बोटांनी सरळ करून ठेवायची. ते काम बाबांनी स्वतःकडे घेतलं आहे. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबत दाबत खाली आणतात. वेळ लागतो, पण मी मध्ये पडत नाही.