पाण्याखाली श्वास: भाताचं मेण की चुक्याच्या भावंडाची पातळ साल?

पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. म्हणून पुरात बुडालेलं पान गुदमरतं. यावर दोन वनस्पतींनी अगदी उलट वाटा धरल्या.

भाताचं ताजं पान पाण्यात बुडवून पाहा, ते चांदीसारखं चमकतं. पानावरच्या मेणाच्या बारीक खवल्यांत हवेचा पापुद्रा अडकतो, ती ही चमक. त्या पापुद्र्यातूनच वायूंची देवाणघेवाण चालू राहते. २०१८ मध्ये यामागचं जनुक सापडलं, एलजीएफ१. ते बिघडलेल्या भाताचं पान पाण्यात लगेच ओलं होतं. पण पापुद्रा टिकतो काही दिवसच. मेण उणावतं, चमक जाते.

युरोपातल्या नदीकाठची रुमेक्स पॅलुस्ट्रिस (आपल्या आंबट चुक्याच्याच कुळातली) पाण्याखाली नवीन पानंच वेगळी काढते. क्युटिकल (पानावरचं मेणचट आवरण) पातळ, पेशीभित्ती पातळ, हरितलवकं पृष्ठभागाकडे सरकलेली. वायू थेट आरपार! मात्र अशी पानं घडायला वेळ लागतो, आणि पाणी ओसरल्यावर ती चटकन सुकू शकतात.

चार दिवसांच्या पुराला मी भाताचीच युक्ती निवडेन. पाणी आठवडेच्या आठवडे हटणार नसेल, तर मात्र पातळ सालच.